आजीची साक्ष : बेने इस्राएल घराण्यांतील कुलस्मृती आणि मराठी भाषा

१

खारदांडा हे मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका जुन्या कोळीवाड्याचे नाव दोन पदांचे बनलेले आहे. भरतीच्या पाण्याने खारावलेली जमीन ती खार, आणि पाण्यात पुढे सरकलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा तो दांडा. हे दुसरे पद उत्तरेस केळवे-दांडा आणि दक्षिणेस जंजिऱ्यानजीकच्या दांडा-राजपुरी या नावांतही आढळते. एकाच किनारपट्टीवर, एकाच प्रकारच्या भूरूपाला, अनेक जातिजमातींनी एकच शब्द वापरला. अशा सामाईक शब्दसंपत्तीतच वावरून ज्या एका लहान समाजाने शतकानुशतके आपले वेगळेपण राखले, तो बेने इस्राएल समाज होय.

या समाजाचा धर्म यहुदी आणि मातृभाषा मराठी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, आणि त्यांच्यापासून पुढील सर्व घराणी झाली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. या कथेचा काळ निश्चित करण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. येथे तो वाद उकरण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, आपल्या उत्पत्तीची कथा सांगताना हा समाज एका मूळ पुरुषाचे नाव सांगत नाही, सात जोडपी सांगतो. म्हणजे सात आज्या या कथेच्या मुळाशीच उभ्या आहेत. मात्र त्यांपैकी एकीचेही नाव कथेने राखलेले नाही.

घराण्यातील दीर्घायुषी स्त्रीची आठवण या समाजात कशी राहते, ती राखण्याचे काम भाषा किती करते, आणि भाषेत जे राखले जात नाही त्याची किंमत पुढे कोणाला द्यावी लागते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम मासळीच्या परीक्षेची कथा पाहू. दाविद राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे हे लोक आपलेच धर्मबंधू असावेत अशी शंका त्याला आली. त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवून ती रांधण्यास सांगितले. स्त्रियांनी खवले आणि पर असलेली मासळी निवडून घेतली व बाकीची बाजूला सारली. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातील नियम नेमका हाच आहे. राहाबीची खात्री पटली. पुढे त्याने तीन तरुण निवडून त्यांना धर्मविधी शिकविले. त्यांची घराणी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर ही होत, आणि त्यांना 'काजी' हे पद मिळाले, असे परंपरा सांगते. राहाबी फार प्राचीन काळचा, असे काही मानतात. तो अठराव्या शतकातील कोचीनचा, असे इतर काही मानतात.

कथेचा काळ कोणताही धरला तरी तिची रचना विचार करण्याजोगी आहे. परीक्षा झाली ती स्त्रियांची आणि शिक्षण मिळाले ते पुरुषांना. हिब्रू ग्रंथ हाती नव्हते आणि 'शेमा' या एका प्रार्थनेपलीकडे काही पाठ नव्हते, असे या समाजाविषयी १७३८ सालच्या एका मिशनऱ्याच्या पत्रातही नमूद आहे. ग्रंथ लोपले असता जे उरले ते चुलीपाशी उरले, असाच या परंपरेचा अर्थ होतो.

भाषेच्या दृष्टीने ही कथा अधिकच बोधक आहे. खारदांड्यासारख्या कोळीवाड्यातील बाजारात पापलेट, रावस, घोळ, मांदेली, मुशी, पाखट, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी ही सारी नावे एकाच टोपल्यांच्या रांगेत ऐकू येतात. कोळणीच्या व्यवहारात या नावांचे वर्ग भाव, ऋतू आणि ताजेपणा यांवरून पडतात. बेने इस्राएल गृहिणी तीच नावे उच्चारते, त्याच कोळणीशी घासाघीस करते. परंतु तिच्या मनात पापलेट, रावस, घोळ एका बाजूस आणि मुशी, पाखट, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी दुसऱ्या बाजूस, अशी रेषा आखलेली असते. शब्द सामाईक असून अर्थक्षेत्राची विभागणी मात्र भिन्न, असे हे उदाहरण आहे. ही विभागणी कोणत्याही कोशात नोंदलेली नाही. आईने मुलीला आणि आजीने नातीला बाजारातून येता-जाता ती शिकवावयाची, एवढाच तिच्या संक्रमणाचा मार्ग.

३

सणांच्या नावांत हेच तत्त्व अधिक स्पष्ट दिसते. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात या समाजाच्या जुन्या सणांची मराठी नावे नोंदलेली आहेत. नववर्षाचा तो 'नव्याचा सण'. त्यापाठोपाठ नव्या धान्याच्या खिरीचा 'खिरीचा सण'. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारे मिटून घरात बसण्याचा, म्हणून 'दरफाळणीचा सण', आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा 'शिळा सण'. पुरीम म्हणजे 'होळीचा सण'. वल्हांडण तो 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबवणाचे भांडे झाकून ठेवण्याचा. यरुशलेमेच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास तो 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खाऊन उपवास सोडावयाचा.

या नावांचे परीक्षण करता तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, यांत एकही हिब्रू शब्द नाही. दुसरी, सण ज्या ऐतिहासिक घटनेमुळे पाळावयाचा त्या घटनेचा उल्लेख नावात कोठेही नाही. मिसर देशातून झालेली सुटका नाही, मंदिराचा नाश नाही, एस्तेर राणी नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, यांतील बहुतेक नावे स्वयंपाकघरातील आहेत. खीर, बिरडे, शिळे अन्न, झाकलेले भांडे यांनी वर्षाचे पंचांग बनले आहे. ज्या व्यक्तीला त्या दिवशी काय शिजवावयाचे आणि काय झाकून ठेवावयाचे हे ठाऊक असावे लागे, तिच्या दृष्टीने दिलेली ही नावे आहेत. ही परिभाषा स्त्रियांनीच घडविली असे सिद्ध करता येणार नाही. पण ती स्त्रियांनी टिकविली असे म्हणावयास हरकत नाही.

या मराठी थराच्या जोडीला दोन थर आहेत. एक अरबी-फारसी शब्दांचा : काजी, रोजा, मलिदा, आणि मृताच्या स्मरणविधीचे 'जारत' हे नाव, जे 'जियारत' या शब्दाचे रूप आहे. प्रार्थनामंदिरालाही 'मशीद' म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले पहिले प्रार्थनामंदिर 'जुनी मशीद' म्हणून ओळखले गेले, आणि मशीद या रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात. दुसरा थर हिब्रू शब्दांचा. तो कोचीनचे शिक्षक, बगदादी यहुदी आणि मिशनरी शाळा यांच्या द्वारे प्रामुख्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दृढ झाला. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ चे. वल्हांडणाच्या 'हग्गादा' या ग्रंथाचे मराठी भाषांतर १८४६ मध्ये मुंबईत आणि पुन्हा १८७४ मध्ये पुण्यात छापले गेले. पुण्याच्या आवृत्तीतील एका चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत.

या तीन थरांचे स्थूल मानाने तीन क्षेत्रांशी नाते दिसते : मराठी घराशी, अरबी-फारसी समाजव्यवहाराशी, हिब्रू प्रार्थनामंदिराशी. हिब्रू नावे रूढ झाल्यावर शिकलेल्या पुरुषांच्या तोंडी 'किप्पूर' आणि 'पेसाह' आले. 'दरफाळणी' आणि 'अनाशी ढाक' ही म्हाताऱ्या बायकांची भाषा ठरली. एखादा शब्द 'आजीचा शब्द' म्हणून ओळखला जाऊ लागला, की तो एका पिढीत संपतो, हा भाषेतिहासाचा सामान्य अनुभव आहे.

४

आता नामव्यवस्थेकडे वळावयाचे. बेने इस्राएल आडनावे बहुतांशी कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील गावांवरून पडलेली आहेत : किहीमवरून केहीमकर, दिवे या गावावरून दिवेकर, झिराडवरून झिराडकर, अष्टमीवरून अष्टमकर, पेणवरून पेणकर. अशी आडनावे शंभराहून अधिक आहेत. पुरुषांची नावे बायबलातील, परंतु मराठी वळणाने रुळलेली : सॅम्युएलचे सामाजी, इझिकेलचे हसाजी, आयझॅकचे इसाजी, एलियाचे एलोजी. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात वस्ती झाली तरी मूळ गाव आडनावात राहिले. याप्रमाणे पुरुषाचे नाव हा एक छोटा दस्तऐवजच असतो : तो स्वतः, त्याचा बाप आणि त्याचे गाव.

स्त्रीच्या बाबतीत मात्र तोच दस्तऐवज उलट काम करतो. विवाहानंतर तिच्या नावापुढे पतीचे नाव आणि पतीच्या गावाचे आडनाव लागते. पेणकरांची मुलगी दिवेकरांच्या घरी आली की 'पेण' हे तिच्या नावातून पुसले जाते. तिची मुलगी केहीमकरांकडे गेली की 'दिवे'ही जाते. तीन पिढ्यांत मातृपरंपरेचा एकही दुवा नावांत शिल्लक राहात नाही. मराठीभाषक समाजांत ही गोष्ट सर्वत्रच आहे. परंतु बेने इस्राएलांच्या बाबतीत तिला एक वेगळे परिमाण आहे. हिब्रू पद्धतीच्या विवाहपत्रातही वधूची ओळख 'अमक्याची मुलगी' अशी बापाच्या नावाने दिली जाते. म्हणजे मराठी आणि हिब्रू या दोन्ही नामव्यवस्था पित्याच्या बाजूने चालतात. उलट यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे यहुदीपण येते ते आईकडून. जी परंपरा निर्णायक, तीच नावांत अलिखित, असा हा पेच आहे.

हा पेच केवळ तात्त्विक राहिला नाही. १९४८ नंतर या समाजातील हजारो माणसे इस्राएलमध्ये जाऊन राहिली. त्या वर्षी भारतात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. आज काही हजार आहेत. तेथे त्यांच्या विवाहांविषयी शंका काढण्यात आल्या. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींच्या मंडळाने विवाहनोंदणीसाठी जे निर्देश दिले, त्यांत बेने इस्राएल अर्जदाराची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या यांची चौकशी करावी असे सांगितलेले होते. या वेगळ्या वागणुकीविरुद्ध आंदोलन झाले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले, आणि त्यानंतर रब्बींच्या निर्देशांतून या समाजाचा नामनिर्देश काढून टाकण्यात आला.

या प्रसंगात विचारला गेलेला प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने नीट पाहावा. 'तुझ्या आईची आई कोण?' याचे उत्तर आडनावात नव्हते, विवाहपत्रात पुरतेपणी नव्हते, आणि ज्या खेड्यांत प्रार्थनामंदिरच नव्हते तेथल्या नोंदवहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ते उत्तर कोठे असेल तर म्हाताऱ्या स्त्रीच्या बोलण्यात : 'माझी आय पेणची, तिची आय रोह्याची' अशा वाक्यांत. माहेरचा उल्लेख ही एरवी गप्पांतली बाब. ती येथे पुराव्याच्या पदवीला पोहोचली. राहाबीच्या कथेत स्त्रियांना मासळी निवडावयास सांगितली होती. १९६२ मध्ये त्यांची नावे मागितली गेली. पहिल्या वेळी साक्ष हातांनी देता आली. दुसऱ्या वेळी ती स्मरणातून द्यावयाची होती, आणि अनेक कुटुंबांत ते स्मरण ज्यांचे, त्या स्त्रिया आधीच गेलेल्या होत्या.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजाच्या वंशपरंपरेत यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश लक्षणीय असल्याचे दाखविण्यात आले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राज्यातील यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. परंतु रक्ताची परीक्षा आणि शासनाचा निर्णय यांनी जे कळते ते वेगळे, आणि आजीला जे ठाऊक असते ते वेगळे. एखादा समाज टिकला कसा, हे दुसऱ्याच प्रकारच्या ज्ञानातून समजते.

५

विसाव्या शतकाच्या आरंभी रायगडच्या एखाद्या खेड्यात जन्मून नव्वदी गाठलेल्या स्त्रीचे आयुष्य नमुन्यादाखल डोळ्यांपुढे आणले, तर त्यात किती भाषिक स्थित्यंतरे सामावतात हे कळेल. तिच्या बालपणी घरात किनारपट्टीची मराठी बोली. शाळेत गेली तर पुस्तकी मराठी. लग्नानंतर मुंबईत प्रार्थनामंदिराची हिब्रू कानांवर, मुलांच्या शाळेतील इंग्रजी त्यांच्या तोंडी, शेजारी गुजराती आणि हिंदुस्थानी. मलिद्याच्या ताटात पोहे, खोबरे, साखर आणि फळे मांडताना एलियाहू हन्नबीचे हिब्रू गीत, आणि मुलीच्या मेंदीच्या रात्री मराठी गाणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजात कीर्तनाची प्रथा सुरू झाली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी पदांतून गाइली जाऊ लागली. ती पदे स्त्रियांनी वह्यांत उतरवून घेतली, आणि छापील पुस्तके दुर्मिळ झाल्यावर त्या वह्याच ग्रंथ ठरल्या. उतारवयात मुले बीरशेबा, दिमोना किंवा अश्दोद येथे गेली. तीही मागोमाग गेली. तेथे नातवंडांची भाषा हिब्रू. आजीचे मराठी समजणारी सून, आणि सुनेचे हिब्रू पुरते न समजणारी आजी, असे घर तयार झाले. इस्राएलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले, याचे कारण अशा घरांत शोधावयास हवे.

सर्वच दीर्घायुषी स्त्रियांची स्मृती मौखिक राहिली असे नव्हे. डॉ. जेरुशा झिराड यांचे आयुष्यही नव्वदीपलीकडे गेले. शिमोगा येथे जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, लंडनमध्ये उच्च पदवी, १९२८ ते १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाची प्रमुख जबाबदारी, १९६६ मध्ये पद्मश्री, हा क्रम सार्वजनिक नोंदींत आहे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या बेने इस्राएल स्त्री मंडळाशी आणि १९२५ च्या ज्यूइश रिलिजस युनियनच्या स्थापनेशी त्यांचे नाव निगडित आहे. शिक्षणक्षेत्रात सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका रेबेका रूबेन यांचे स्थान तसेच. परंतु ज्यांचे कार्य घराबाहेर गेले नाही त्यांच्याविषयी अशी एकही नोंद सापडत नाही. झिराडबाईंचे नाव प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात राहील. त्यांच्या रुग्णालयात ज्या बायकांची मुले जन्मली, त्यांनी त्या मुलांना कोणत्या शब्दांत निजविले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

६

बायबलात मृत्युसमयीचे वय ज्या एकाच स्त्रीचे सांगितले आहे ती अब्राहामाची पत्नी सारा. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायाच्या आरंभी तिची १२७ वर्षे मोजून सांगितली आहेत, आणि वर्षभराच्या वाचनक्रमात त्या भागाचे नाव 'साराचे आयुष्य' असे आहे. वास्तविक त्या भागात तिच्या मृत्यूची, तिच्यासाठी घेतलेल्या दफनभूमीची आणि त्यानंतर मुलाच्या विवाहाची हकीकत येते. आजी गेली की प्रथम तिच्यासाठी जागा करावयाची आणि मग पुढच्या पिढीचे घर उभे करावयाचे, असा तो क्रम आहे. बेने इस्राएल दफनभूमींतील जुन्या शिळांवर हिब्रूच्या जोडीला मराठी अक्षरे आढळतात. पुष्कळ घराण्यांत आजीच्या भाषेचा अखेरचा लेखी नमुना तोच असतो.

तेव्हा या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने क्रम सांभाळावा. वृद्ध स्त्रीशी बोलताना सणांची हिब्रू नावे आपण होऊन सुचवू नयेत. 'त्या दिवशी घरात काय शिजे?' येथून आरंभ करावा. तिचे आडनाव विचारून थांबू नये. तिच्या आईचे आणि आईच्या आईचे गाव विचारावे. बाजारातली मासळीची नावे तिच्याकडून वर्गवार घ्यावीत, आणि तेवढीच यादी जवळच्या कोळीवाड्यातून घेऊन ती शेजारी ठेवावी. गाण्याची वही मिळाल्यास तिचे शुद्धलेखन सुधारू नये. त्या चुका म्हणजेच उच्चाराचा पुरावा असतो. आणि तिने 'हे आमच्या म्हाताऱ्या बोलायच्या' असे म्हणून एखादा शब्द बाजूला सारला, तर तोच शब्द प्रथम टिपून घ्यावा.

भाषाशास्त्रात बोलीच्या अखेरच्या जाणकाराला मोठे महत्त्व असते, कारण त्याच्याबरोबर एक व्यवस्था संपते. बेने इस्राएल घराण्यातील आजी ही अशा बोलीची जाणकार तर आहेच. शिवाय ज्या वंशरेषेची कोणत्याही नावात नोंद होत नाही, तिचीही ती एकमेव नोंद आहे. मासळी निवडणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांची नावे परंपरेने राखली नाहीत. आज हयात असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तशीच गत होऊ द्यावयाची की नाही, हे अजून हाती आहे.